एएफएल फँटसी क्लासिक : राखीव बाकावरून फूटी शिकवणारा खेळ

मेलबर्नला नव्यानं राहायला आलेल्या आपल्या माणसांना मी एकच सल्ला देते. मार्च ते सप्टेंबर इथं कामावर, ट्रेनमध्ये, शाळेच्या फाटकापाशी फूटीचीच, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचीच, चर्चा असते. ती कळावी असं वाटत असेल तर आधी एएफएल फँटसी क्लासिकचं, म्हणजे फूटीच्या मुख्य लीगमधले (एएफएल) खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ चालवायच्या ऑनलाइन खेळाचं, खातं उघडा आणि एमसीजी या मोठ्या मैदानाचं तिकीट नंतर काढा. नवखा माणूस थेट मैदानावर गेला की दोन्ही संघांचे मिळून छत्तीस जण त्या अवाढव्य हिरवळीवर पांगलेले दिसतात, चेंडू कुठून कुठं गेला हे उमगेपर्यंत गोल झालेला असतो. हा खेळ मात्र एकेका खेळाडूच्या नावाशी ओळख करून देतो. तो आज खेळणार का? खेळला तर कुठल्या जागी, किती वेळ? नाही खेळला तर त्याच्याऐवजी कोण? या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता फूटी कधी कळायला लागते ते समजतही नाही.

खेळ फुकट आहे. एएफएलच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर खेळता येतो. आमच्या कामाच्या ठिकाणची लीग आहे आणि मी तिच्यात बरेच हंगाम खेळते आहे. मी शहराच्या पश्चिम भागातल्या एका वृद्धाश्रमात कर्मचाऱ्यांचं रोस्टर लावते. सकाळी, दुपारी, रात्री कोण येणार, पहाटे कुणी आजारी असल्याचा फोन केला तर कुणाला बोलवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठल्याही यादीत माझी नजर आधी तळाशी जाते, जिथं ऐनवेळी उभं राहणाऱ्यांची नावं असतात. हे परीक्षणही मी तिथूनच लिहिते आहे. अ‍ॅपची मांडणी, रंग, वेग सगळं ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

खेळाची रचना थोडक्यात अशी. ठरलेल्या रकमेत एकूण तीस खेळाडू घ्यायचे. मैदानावर बावीस, म्हणजे सहा बचावपटू, आठ मिडफिल्डर, दोन रक (हवेत फेकलेल्या चेंडूसाठी उडी मारणारे उंच खेळाडू) आणि सहा फॉरवर्ड. उरलेले आठ बाकावर. प्रत्यक्ष सामन्यात तुमच्या खेळाडूनं जे केलं त्याचे गुण तुम्हाला मिळतात : किकला ३, हँडबॉलला (मुठीनं मारून दिलेला पास) २, मार्कला (किकचा हवेतला झेल) ३, टॅकलला ४, हिटआउटला (रकनं हवेतला चेंडू आपल्या माणसाकडे ढकलणं) १, गोलला ६, बिहाइंडला (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू) १. फ्री किक मिळाली तर १ गुण, तुमच्या खेळाडूच्या चुकीमुळे समोरच्याला मिळाली तर ३ वजा. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. दर आठवड्याला दोन अदलाबदली करता येतात. खेळाडूंच्या किमती त्यांच्या कामगिरीप्रमाणे वरखाली होत राहतात, म्हणून स्वस्तातला नवखा घेऊन, तो वधारला की विकून मोठा खेळाडू आणायचा, हा सगळ्यांचा पाया. देशभरातल्या पहिल्या शंभरांना एक टोपी मिळते. त्या टोपीसाठी माणसं वर्षानुवर्षं जीव टाकतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

या खेळाची खरी गंमत गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी सुरू होते. शुक्रवार ते रविवारच्या सामन्यांचे संघ त्या वेळी जाहीर होतात. गुरुवारी रात्रीच सामना असला तर त्याचे संघ आदल्या संध्याकाळीच आलेले असतात. फँटसी खेळण्याआधी ही यादी माझ्या लेखी नुसती नावांची रांग होती. आता ती वाचायला मला निवांत वेळ लागतो आणि त्यातला प्रत्येक मिनिट मला आवडतो.

यादी जुन्या पद्धतीनं छापतात. बॅक, हाफ-बॅक, सेंटर, हाफ-फॉरवर्ड, फॉरवर्ड आणि फॉलोअर्स अशा सहा ओळी, प्रत्येकीत तीन नावं, झाले अठरा. त्याखाली इंटरचेंज, म्हणजे आलटूनपालटून मैदानात येणारे, त्याखाली इमर्जन्सी, म्हणजे कुणी ऐनवेळी गळला तरच खेळणारे. या सहा ओळींवर फार विसंबू नये, हे पहिल्याच हंगामात कळतं. हाफ-फॉरवर्ड म्हणून छापलेला मुलगा सेंटरच्या चौकोनात उभा असतो आणि इंटरचेंजमध्ये नाव असलेला पहिल्या मिनिटाला मैदानात असतो. प्रशिक्षक समोरच्याला आधीच सगळं सांगून टाकणार नाहीत, हे उघड आहे. आमचे वेस्टर्न बुलडॉग्जचे प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज तर खेळाडूंच्या जागा हलवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. फँटसी खेळणारे बुलडॉग्जचा खेळाडू घेताना दहा वेळा विचार करतात तो त्यामुळेच. मी बुलडॉग्जची असूनही तेच करते.

खरी माहिती असते ती 'आत' आणि 'बाहेर' या दोन लहान रकान्यांत. मागच्या आठवड्याच्या संघातून कोण गेलं आणि कोण आलं. गेलेल्याच्या पुढं कारण लिहिलेलं असतं : दुखापत, निलंबन, विश्रांती किंवा नुसतं 'वगळला'. हा शेवटचा शब्द वाचताना मला प्रत्येक वेळी त्या मुलाचा विचार येतो. वीस-एकवीस वर्षांचं पोर, आठवडाभर सराव केलेला, आणि एका शब्दात निकाल. नियम असा की गेलेला आणि आलेला यांची सांगड घालायची. उंच बचावपटू गेला आणि बुटका पळता खेळाडू आला, तर संघाची सगळी मागची फळी बदलणार. मग माझ्याकडे असलेल्या हाफ-बॅकला मोकळं फिरायला मिळणार, की कुणाला तरी धरून उभं राहावं लागणार? त्याचे मार्क वाढणार की घटणार? निवड समितीनं बंद दाराआड केलेला विचार या दोन रकान्यांतून उलगडत न्यायचा. फँटसी नसती तर मी ही कसरत कधीच केली नसती.

रविवारच्या सामन्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गुरुवारी त्यांचा बाक लांबलचक जाहीर होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यातली काही नावं कापली जातात. गुरुवारी नाव दिसलं म्हणून आनंदानं नवखा विकत घ्यावा, तर शुक्रवारी तो इमर्जन्सीत गेलेला असतो. आणि सामन्याच्या तासभर आधीपर्यंत बदल होऊ शकतात ते निराळेच. वॉर्म-अपमध्ये कुणाची तरी मांडी धरते आणि इमर्जन्सीतला मुलगा धावत कपडे बदलायला जातो. सामना पर्थमध्ये असेल तर मेलबर्नच्या संघांना चार तासांच्या विमानप्रवासाला एक जास्तीचा खेळाडू बरोबर न्यावाच लागतो. तो मुलगा तिथवर जातो, वॉर्म-अप करतो आणि बहुतेक वेळा न खेळता परत येतो. इकडे त्याच्या राखीव संघाचा व्हीएफएल या खालच्या लीगमधला सामना त्याच्याशिवाय होऊन जातो. टीव्हीवर या माणसाबद्दल कुणी एक वाक्य बोलत नाही. फँटसीत मात्र त्याच्या नावाला किंमत असते, अगदी अक्षरशः.

आता बदली खेळाडूकडे येते, कारण माझ्या मते या खेळाची कस लावणारी बाजू हीच होती.

पूर्वीच्या काळी अठरांपैकी कुणी जायबंदी झाला की संघ सतरांवर खेळायचा. १९३० साली एकोणिसावा माणूस आला, १९४६ साली विसावा. हे दोघं खरे बदली खेळाडू होते, म्हणजे ज्याच्या जागी उतरले तो परत यायचा नाही. १९७८ साली इंटरचेंज आलं आणि ये-जा मोकळी झाली. १९९४ मध्ये बाकावर तिघं झाले, १९९८ मध्ये चौघं. मग ही ये-जा इतकी वाढली की खेळाडू सतत ताजेतवाने होऊन येऊ लागले आणि खेळाचा वेग अंगावर यायला लागला. त्यावर उपाय म्हणून २०११ मध्ये बाकावरच्या चौघांपैकी एकाला सब, म्हणजे एकदाच उतरणारा बदली खेळाडू, केलं. त्याच्या अंगात हिरवं जाकीट, तो उतरला की बाहेर गेलेल्याच्या अंगात लाल. हे पाच हंगाम चाललं. २०१४ मध्ये रोटेशनवर, म्हणजे सामन्यातल्या या अदलाबदलींवर, १२० ची मर्यादा आली, २०१६ मध्ये सब गेला आणि मर्यादा ९० झाली. २०२१ मध्ये हंगाम अगदी तोंडावर आलेला असताना सब पुन्हा आला, या वेळी बाविसांखेरीज तेविसावा म्हणून, पण केवळ वैद्यकीय कारणासाठी, आणि रोटेशन ७५ वर आली. २०२३ पासून कारण दाखवायची गरज उरली नाही, प्रशिक्षक डावपेच म्हणून कधीही सब उतरवू लागले. आणि २०२६ साठी एएफएलनं सब काढूनच टाकला. आता इंटरचेंजवर पाच जण, पाचही जण मोकळे, रोटेशन तीच ७५.

हा सगळा इतिहास मला फँटसीमुळे शोधावा लागला. डावपेचाच्या सबच्या त्या तीन हंगामांत दर आठवड्याला तो माझ्या मुळावर यायचा. बघा कसं व्हायचं. स्वस्तातला नवखा घेतलाय, गुरुवारी त्याचं नाव तेवीसमध्ये आलंय, मी खूश. सामन्याआधी कळतं की तेविसावा तोच आहे, सब. तो तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी उतरतो, दहा-पंधरा गुण करतो. त्याची किंमत वाढायची थांबते, म्हणजे माझी सगळी योजना अडते. तो मुळीच खेळला नसता तर माझ्या फँटसी बाकावरच्या ज्याला मी इमर्जन्सी म्हणून नेमलंय त्याचे गुण त्याच्या जागी धरले गेले असते. पण तो वीस मिनिटं का होईना खेळला, म्हणून इमर्जन्सी लागू होत नाही. म्हणजे न खेळणाऱ्यापेक्षा थोडा खेळणारा महाग पडतो. आणि उलट्या बाजूनं, चांगला खेळत असलेला माझा खेळाडू तिसऱ्या क्वार्टरला सबसाठी बाहेर काढला, तर त्याचेही गुण तिथंच गोठतात.

म्हणून सबच्या हंगामांत शिकण्यासारखं एकच होतं. कुठला प्रशिक्षक कुणाला सब करतो, याची नोंद ठेवायची. काही क्लब पहिलाच सामना खेळणाऱ्या पोराला सब करायचे, म्हणजे त्याला थोड्या वेळात मोठ्या मैदानाची चव मिळेल. काही क्लब पायांत वेग असलेला, दमलेल्या बचावाला पळवणारा खेळाडू शेवटच्या क्वार्टरसाठी राखून ठेवायचे. काही जण दुखापतीतून परतलेल्या मोठ्या खेळाडूला हळूहळू आणण्यासाठी ती जागा वापरायचे. उंच, जड खेळाडूला सब करणं सगळेच टाळायचे, कारण मैदानात कुठल्याही जागी बसू शकेल असा माणूस तिथं हवा. मिडफिल्डलाही चालेल, विंगलाही, वेळ पडली तर मागंही. रोस्टर लावतानाही मी हेच करते, जी बाई कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही पाळीत उभी राहू शकते तिचाच नंबर सर्वांत वर ठेवते. आणि तिच्याबद्दल माझी तक्रार कायम हीच असते की सर्वगुणी असल्याची शिक्षा तिलाच मिळते, तिला पक्की पाळी कधी मिळतच नाही. फूटीतल्या त्या तेविसाव्या मुलांचं नेमकं हेच झालं. आठवड्यामागून आठवडे पंधरा-वीस मिनिटं खेळायचं, ना धड वरच्या संघाचा सराव, ना व्हीएफएलमध्ये पूर्ण सामना.

फँटसीचा हंगाम साखळी फेऱ्यांबरोबर संपतो, बाद फेऱ्या त्यात नाहीत. ही मला मोठी उणीव वाटते, कारण निवडीच्या खऱ्या कसोट्या सप्टेंबरमध्ये लागतात. पण वर्षभर फँटसी खेळून डोळा तयार झाला की अंतिम सामना बघण्याची तऱ्हाच बदलते. २०२५ च्या अंतिम सामन्याचं उदाहरण घ्या. ब्रिस्बेनचा लॅकी नील, २०२० आणि २०२३ चा ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) विजेता, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात पोटरी दुखावून बसला. हंगाम संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. अंतिम सामन्याच्या संघात त्याचं नाव आलं, पण सब म्हणून. पूर्ण सामना झेपणार नाही, अर्धा झेपेल, आणि अर्ध्यासाठी तेविसावी जागाच योग्य, असा तो हिशेब. उत्तरार्धात तो उतरला, चेंडूवर चेंडू उचलले, गोलही मारला, आणि ब्रिस्बेननं जीलाँगला १२२-७५ असं हरवलं. मी तो सामना बघताना स्कोअरपेक्षा नीलकडेच बघत होते. सबचा याहून नेमका उपयोग मी पाहिलेला नाही. आणि त्यानंतर नियमच गेला, म्हणजे अंतिम सामन्यात सब म्हणून उतरलेला नील हा निदान आजवर तरी शेवटचाच मोठा.

याच्या उलट सिडनीचं. २०२२ च्या अंतिम सामन्याला त्यांनी जांघेच्या दुखापतीतून नुकताच उठलेला सॅम रीड खेळवला आणि लोगन मॅकडॉनल्ड या तरुण फॉरवर्डला बाहेर ठेवलं. रीडचं शरीर साथ देईना, सामना संपायच्या बराच आधी त्याला काढून सब उतरवावा लागला. जीलाँग १३३, सिडनी ५२. दोन वर्षांनी, २०२४ च्या अंतिम सामन्यात, सिडनीनं तोच लोगन मॅकडॉनल्ड घोट्याच्या दुखण्यासह खेळवला आणि त्यालाही अर्ध्यातून बाहेर काढायची वेळ आली. ब्रिस्बेन १२०, सिडनी ६०. या दोन सामन्यांतला फरक एका खेळाडूमुळे पडला असं मी म्हणणार नाही, इतक्या मोठ्या फरकाला अनेक कारणं असतात. पण अर्धवट बऱ्या झालेल्या खेळाडूला पहिल्या बावीसमध्ये घालायचं की तेविसावा ठेवायचा, हा प्रश्न नीलच्या बाबतीत ब्रिस्बेननं बरोबर सोडवला, एवढं मी ठामपणे म्हणेन.

२०२३ चा अंतिम सामनाही आठवा. कॉलिंगवूडचा बचावपटू नेथन मर्फी लवकरच डोक्याला मार लागून गेला आणि पॅट लिपिन्स्की सब म्हणून आला. लिपिन्स्की बचावपटू नव्हे, म्हणजे मागची सगळी रचना तिथल्या तिथं पुन्हा मांडावी लागली. तरी कॉलिंगवूडनं ९०-८६ असा सामना काढला. आमच्या कामावर एक जण जन्मापासून कॉलिंगवूडचा आहे, तो या सामन्याबद्दल बोलतो तेव्हा गोल मारणाऱ्यांची नावं घेतो. मी त्याला दर वेळी मर्फी गेल्यानंतरची ती पुनर्मांडणी सांगते, आणि तो ऐकून घेतो.

आता प्रत्यक्ष खेळणाऱ्यांसाठी कामाचं. फँटसीतला लॉकआउट हळूहळू लागतो, म्हणजे ज्याचा सामना सुरू झाला तेवढाच खेळाडू कुलूपबंद होतो, बाकीचे रविवारपर्यंत हलवता येतात. यातून सगळ्यांत उपयोगी डाव निघतो. गुरुवारी किंवा शुक्रवारी खेळणाऱ्या एखाद्या मोठ्या खेळाडूला उपकर्णधार करायचं. त्यानं भरपूर गुण केले, तर ज्याचा सामना अजून व्हायचा आहे पण जो खेळणारच नाही अशा माणसाला कर्णधार करायचं. कर्णधार खेळला नाही की उपकर्णधाराचे गुण दुप्पट होतात, आणि त्या न खेळणाऱ्याच्या जागी इमर्जन्सीचे गुण येतात. म्हणजे तीसमध्ये एक तरी न खेळणारा माणूस हवाच, आणि त्याचा क्लब शक्यतो आठवड्याच्या शेवटी खेळणारा हवा. नवे लोक बाकावरचे आठही जण खेळणारेच घेतात आणि मग या डावाला मुकतात. इमर्जन्सीचंही तसंच. शुक्रवारी बाकावरच्या इमर्जन्सीनं अनपेक्षित गुण केले, तर रविवारी खेळणाऱ्या डळमळीत माणसाला खेळवायचं की काढायचं हे शांतपणे ठरवता येतं. बाक म्हणजे अडगळ नाही, तिथंच आठवडा जिंकला जातो. बाय फेऱ्यांत, म्हणजे काही क्लबांना सुट्टी असते त्या आठवड्यांत, तुमच्या संघातले बरेच जण खेळत नाहीत, तेव्हा मैदानावरच्यांपैकी सर्वोत्तम अठरांचेच गुण धरतात. तोवर ज्यानं बाक नीट बांधला तो तरतो.

या खेळात मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या लहान नाहीत.

सगळ्यांत मोठी म्हणजे बचावाची उपेक्षा. ब्रिस्बेनचा हॅरिस अँड्र्यूज उडी मारून समोरच्या उंच फॉरवर्डच्या हातातला चेंडू ठोसा देऊन उडवतो तेव्हा संघाचा गोल वाचतो. फँटसीत त्या ठोशाला शून्य. त्याच वेळी मागं मोकळा उभा असलेला हाफ-बॅक दोन मीटरवरून आलेला चेंडू घेऊन परत सोपा पास देतो आणि गुण कमावतो. २०१८ च्या पहिल्या फेरीत हॉथॉर्नच्या टॉम मिचेलनं ५४ वेळा चेंडू खेळवला, आजवरचा विक्रम. फँटसीच्या मोजपट्टीला असेच खेळाडू आवडतात. सुपरकोच हा दुसरा लोकप्रिय खेळ चॅम्पियन डेटाच्या क्रमवारीवर चालतो आणि त्यात चेंडू कशा परिस्थितीत मिळवला याला वजन आहे, म्हणून बचावाची किंमत तिथं जरा जास्त कळते. पण त्याचं गणित घरबसल्या करता येत नाही. फँटसीचे गुण मी टीव्ही बघता बघता बोटांवर मोजते. नवख्या माणसाला हेच सोयीचं. ठोसा मारून चेंडू उडवण्याला दोन गुण जरी दिले तरी माझं या खेळाशी भांडण मिटेल.

दुसरी खटकणारी गोष्ट मनाला लागणारी आहे. हा खेळ तुम्हाला माणसाच्या दुखापतीकडे आधी आपल्या नुकसानीच्या नजरेनं बघायला लावतो. कुणी गुडघा धरून पडला की पहिला विचार अदलाबदलीचा येतो. आमच्या लीगच्या गप्पांत मी यावर रोखठोक बोलते. २०१६ मध्ये आमच्या बुलडॉग्जनं १९५४ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा जाऊन बाहेर बसला होता. सामन्यानंतर बेव्हरिजनं स्वतःला मिळालेलं प्रशिक्षकाचं जॉक मॅकहेल पदक मंचावर त्याच्या गळ्यात घातलं. एसेंडनचा डेरेक किकेट १९९३ चा पूर्ण हंगाम खेळून अंतिम सामन्याच्या संघातून वगळला गेला, एसेंडन जिंकलं आणि तो त्यात नव्हता. मेलबर्नचा जेम्स जॉर्डन २०२१ च्या अंतिम सामन्यात वैद्यकीय सब होता, त्याला उतरावंच लागलं नाही, तरी विजेतेपदाचं पदक त्याला मिळालं. नावांच्या रांगेत ही माणसं असतात. फँटसी त्यांना किंमत लावते, ती माणसं आहेत हे आपणच लक्षात ठेवायचं.

वेळेचं सांगायचं तर हा खेळ वेळ खातो. गुरुवारची संध्याकाळ त्याची. लहान मुलं असतील तर जेवणाच्या वेळेशी गाठ पडते, हे आधीच घरी सांगून ठेवा. दोन आठवडे दुर्लक्ष केलं तर संघ विस्कटतो आणि मग मजा जाते.

पाच जणांच्या बाकाबद्दल मी मनापासून आनंदी आहे. तेविसाव्याला आता पहिल्या क्वार्टरपासून मैदान मिळणार. नवख्याची फँटसीतली किंमत त्याच्या खेळावर ठरणार, कुणाच्या जागी किती वाजता उतरवलं यावर नाही. संघनिवडीचा प्रश्नही अधिक खोल होईल. पाचवा माणूस दुसरा रक घ्यायचा, की जास्तीचा पळणारा? रोटेशन ७५ च राहिल्यामुळे तेवढीच ये-जा पाच जणांत वाटली जाणार, म्हणून मोठ्या मिडफिल्डरांचा मैदानावरचा वेळ थोडा घटेल असा माझा अंदाज. म्हणून मी महागडे मिडफिल्डर निवडताना जे मुळातच कमी वेळा बाहेर येतात त्यांना पसंती देते, आणि रकमध्ये कंजुषी करत नाही. जो क्लब दुसरा रक खेळवतो, त्याच्या पहिल्या रककडे मात्र फिरकत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी ओळखीच्या आठ-दहा जणांची लीग करावी, त्यात निदान दोघं तरी इथंच वाढलेले असावेत. गुरुवारी ६.२० ला यादी आली की त्यांना फोन करून विचारा, अमुक एक आत का आला. ते सांगायला लागले की थांबत नाहीत. आणि संघ बांधताना तीसमधली शेवटची चार नावं सगळ्यांत आधी लिहा, मोठी नावं नंतर आपोआप बसतात.